धोक्याच्या रकान्यात शेजारी

शेतावरचा साबण ओला आहे की कोरडा, हे बघण्यात माझा जन्म गेला. गमतीनं म्हणत नाही. परदेशी जाणारी द्राक्षं, डाळिंबं, स्ट्रॉबेरी ज्या रानात पिकतात तिथं मजुरांना हात धुवायला पाणी आणि साबण पाहिजे असा नियम असतो, आणि नियम पाळला जातो का हे बघायला एक माणूस लागतो. सातारा-सांगली पट्ट्यात बरीच वर्षं तो माणूस म्हणजे मी. आता निवृत्त होऊन कराडला घरी बसले आहे, गुडघे कुरकुरतात, पण कुणाकडं पाहुणी गेले की नजर पहिल्यांदा मोरीतल्या साबणाकडं जाते. सून म्हणते, "आई, लोकांच्यात तरी नका बघू."

महाबळेश्वरच्या अंगाला एक स्ट्रॉबेरीवाला होता. त्याच्या रानात हात धुवायची जागा इतकी देखणी होती की फोटो काढावा. नवा नळ, पांढऱ्या फरश्या, वर वेष्टनासकट साबण. पहिल्या वर्षी मी खूश झाले. दुसऱ्या वर्षीही वेष्टनासकट साबण. तिसऱ्या वर्षी मी तो उचलला तर खाली त्याच्या आकाराचा डाग पडलेला. म्हटलं, "अहो, हा तोच की." तो म्हणाला, "मॅडम, तुमच्यासाठी जपून ठेवलाय." मजूर बायका मागं पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी वेष्टन स्वतःच्या हातानं फाडलं आणि साबण त्याच्या हातात दिला. त्याला खरंच वाईट वाटलं असावं.

या कामाला प्रमाणीकरण म्हणतात. बाहेरच्या माणसाला ते सांगायचं तर असं, की लांबच्या देशातला गिऱ्हाईक द्राक्षाचा घड हातात घेतो तेव्हा तो कुणी पिकवला, त्यावर काय मारलं, कधी मारलं, हे त्याला काही दिसत नाही. ते त्याच्या वतीनं बघणारा मधला माणूस म्हणजे निरीक्षक. आम्ही औषधांच्या खोलीचं कुलूप बघतो, फवारणी आणि तोडणी यांच्यात पुरेसे दिवस गेलेत का बघतो, मजुरांना सावली आणि संडास आहे का बघतो. सगळं ठीक असलं की दाखला मिळतो. दाखला असला की माल जहाजात, नसला की मार्केट यार्डात. शेतकऱ्यांना आमचा रागही येतो आणि आमच्यासाठी चहाही ठेवतात. दोन्ही मनापासून.

यातला सगळ्यात अवघड भाग म्हणजे धोक्याचं मूल्यमापन. नाव भारदस्त असलं तरी काम साधं असतं. आपल्या शेतात काय काय वाईट होऊ शकतं, ते एका रकान्यात लिहायचं, आणि त्यावर आपण काय करणार ते शेजारच्या रकान्यात लिहायचं. कोयनानगरच्या बाजूला सेंद्रिय हळद करणारे एक आजोबा होते, त्यांना मी हे समजावून सांगितलं. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि पहिला धोका लिहिला भूकंप. उपाय म्हणून लिहिलं, पळणे. मी म्हटलं, "आजोबा, हळदीला काय धोका ते लिहायचं." ते म्हणाले, "आवं, आमीच न्हाई ऱ्हायलो तर हळद खणनार कोण?" मी तो कागद तसाच ठेवला. वरच्या ऑफिसातनं विचारणा आली तेव्हा त्यांनाच म्हटलं, एकदा येऊन राहून बघा कोयनेला.

असं हसण्यासारखं पुष्कळ आहे. ते सांगत बसले तर दिवाळी अंकाचं पोट भरेल आणि वाचणारेही खूश होतील. पण संपादकांनी "तुमच्या कामातला न विसरता येणारा अनुभव" मागितला, आणि तो काही हसण्यासारखा नाही. तो कडेगावच्या अलीकडच्या एका गावातला आहे. गावाचं नाव सांगत नाही, कारण ती माणसं अजून तिथंच राहतात, आणि दोन जण सोडले तर सगळी आहेत.

त्या गावात द्राक्षवाल्यांचा एक गट होता. एकेकट्या शेतकऱ्याला दाखल्याचा खर्च झेपत नाही, म्हणून बऱ्याच जणांनी मिळून एकच दाखला घ्यायचा, अशी सोय असते. त्यात अट अशी, की एकाचा माल नापास झाला तर दाखला सगळ्यांचाच थांबतो. गटाचे प्रमुख होते सुभेदार. पलटणीतनं निवृत्त होऊन आलेले, ताठ, मिशा पांढऱ्या, आणि नियमांवर जीव ओवाळून टाकणारे. मी दिसले की "जय हिंद मॅडम, सब तैयार है" म्हणायचे. रंगाचा डबा घेऊन स्वतः पाट्या रंगवायचे. 'फवारणी चालू आहे, आत येऊ नये.' 'येथे जेवू नये.' औषधांच्या खोलीची किल्ली गळ्यात दोऱ्याला. इतर गावांत माझं निम्मं आयुष्य ओरडण्यात जायचं, इथं मला ओरडायला काही मिळायचं नाही. खरं सांगते, त्या गावाची तपासणी आली की मला बरं वाटायचं.

गटात विलास म्हणून एक तरुण शेतकरी होता. बायकोचं नाव शालन. त्यांच्या बांधाला लागून दत्तूची बाग. दत्तू वयानं विलासपेक्षा मोठा, आडनाव वेगळं, भावकी वेगळी, आणि गटातही नव्हता. तो बेदाणा करायचा. बेदाणा म्हणजे द्राक्षं झाडावरनं उतरवून, शेडमध्ये जाळीच्या फळ्यांवर पसरून वाळवायची. त्याचा माल परदेशी जायचा नाही, त्यामुळं आमच्या नियमांशी त्याचा काही संबंध नव्हता. पण विलास आणि दत्तूचा पैरा होता. या भागात पैरा म्हणजे आज माझ्या रानात तू, उद्या तुझ्या रानात मी, आणि कुणाचं किती झालं हे मोजायचं नाही. त्यांच्या बापांचाही होता. फवारणीचा ब्लोअर दत्तूचा, खुडणीला माणसं विलासच्या घरची. दोघांच्या मधला बांध तुडवून तुडवून सपाट झाला होता. मी एकदा विलासला म्हटलं होतं, "बांध कुठाय तुमचा? नकाशात दाखवायचाय." तो हसून म्हणाला, "हुता मॅडम. झिजला."

विलास ऐन हंगामात गेला. छातीत कळ आली, दवाखान्यापर्यंत पोचला नाही. द्राक्षं तोडणीला आली होती. घर दुःखात, भावकी सुतकात, त्या दिवसांत त्या घरचं कुणी बागेत पाऊल ठेवत नाही. आणि त्याच दिवसांत धुकं पडलं.

धुक्यात मण्यावर भुरी येते, पांढरी पूड पडल्यासारखी, आणि बघता बघता घड वाया जातो. दोन दिवस कुणी बघितलं नाही तर वर्षाचं काम मातीत.

पुढं काय झालं ते मला असं कळलं, की त्या गटातल्या एका बागेच्या नमुन्यात नको ते औषध सापडल्याचा निरोप प्रयोगशाळेतनं आला. बाग विलासची. गटाच्या यादीत नसलेलं औषध, तेही तोडणीच्या तोंडावर मारलेलं. दाखला थांबवला आणि कारण शोधायला मला पाठवलं.

सुभेदारांच्या ओट्यावर सगळा गट बसला होता. कोपऱ्यात शालन. दिवस घातल्यावर पहिल्यांदाच चार माणसांत आली होती, कपाळ मोकळं, नजर जमिनीत. मी विचारलं, "शालन, बागेत फवारणी कुणी केली?"

"मला ठावं न्हाई मॅडम. मी गेलेच न्हाई."

कुणीतरी मागनं म्हणालं, "आपोआप पडलं म्हणायचं का मग आभाळातनं?"

तिची मान आणखी खाली गेली. मला त्या माणसाचा इतका राग आला की मी कोण बोललं ते विचारणार होते, तेवढ्यात दत्तू रस्त्यानं चालला होता तो थांबला. खांद्यावर वैरणीचा भारा. त्याला वाटेतच कुणीतरी विषय सांगितला असावा. भारा खाली टाकून तो ओट्याशी आला आणि म्हणाला, "त्यात लपवायचं काय हाय? मी मारलं की."

सगळे त्याच्याकडं बघायला लागले. त्याला वाटलं, कौतुकानं बघतात. चेहरा उजळला त्याचा.

"धुकं लय पडलं हुतं मॅडम. वहिनी सुतकात, भावकी समदी सुतकात. म्हटलं, माणसं सुतक पाळत्यात, भुरी पाळती व्हय? माजी बाग मारून झाली, ब्लोअरमदी औषध ऱ्हायलं हुतं, आनी थोडं घातलं आनी मारलं. तिच्याकडं काय मागितलं बी न्हाई."

सुभेदार उठून उभे राहिले. "दत्तू, आरं काय केलंस गड्या?"

"काय केलं?"

मी त्याला सांगितलं. तुमचं औषध तुमच्या बेदाण्याला चालतं, हिच्या बागेला चालत नाही. तोडणीच्या आधी इतक्या जवळ तर कुठलंच चालत नाही. एकाचा नमुना नापास म्हणून सगळ्यांचा दाखला थांबला. मी शक्य तितक्या हळू सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावरचा उजेड हळूहळू गेला, तो जाताना मी बघितला, आणि ते बघणं मला आजही नको वाटतं.

"मग मारायचं न्हवतं?" तो म्हणाला. "बाग जाऊ द्यायची हुती?"

"विचारायचं होतं."

"कुणाला इचारायचं मॅडम? विलासला?"

शालन उठली, त्याचा भारा रस्त्यात पडला होता त्याची सैल झालेली दोरी तिनं आवळून बांधली आणि घरी निघून गेली. तिनं त्याला दोष दिला नाही, एवढंच तिला सगळ्यांना दाखवायचं होतं, असं मला वाटतं.

त्या वर्षी गटाचा माल जहाजात गेला नाही. कुणी यार्डात घातला, कुणी बेदाणा केला. लोक दत्तूला उघडपणे काही बोलले नाहीत, पण तो आला की पारावरचं बोलणं थांबायचं. कुणाचं वाईट करायला गेला असता तर भांडून मिटलं असतं. चांगलं करायला गेलेल्या माणसाशी भांडायचं कसं, हे कुणालाच कळेना.

दाखला परत मिळवायचा तर आमच्या पद्धतीत एक पायरी असते. झालं ते का झालं ते शोधायचं, आणि परत होऊ नये म्हणून पक्का उपाय लिहून द्यायचा. सुभेदारांनी तो एकट्यानं बसून तयार केला. गटातल्या प्रत्येक बागेला फाटक आणि कुलूप. फाटकावर पाटी, 'मालकाच्या लेखी संमतीशिवाय आत प्रवेश नाही.' आणि संमतीचा कागद. कुणाला दुसऱ्याच्या रानात काम करायचं असेल तर आधी मालकाची सही घ्यायची, मग पाऊल टाकायचं. धोक्याच्या रकान्यात, विहीर, कुत्रा, साप यांच्या खाली त्यांनी नवी ओळ लिहिली होती. धोका, शेजारी.

मी विचारलं, "सुभेदार, हे असंच लिहायचं?"

"मॅडम, रूल म्हंजे रूल. धोका तिकडनंच आला न्हवं?"

ते बरोबर होतं. नियमात शेजारच्या शेतातनं येणारं औषध धोका म्हणून धरतातच. वरच्या ऑफिसला तो उपाय इतका आवडला की दुसऱ्या गटांना नमुना म्हणून दाखवला गेला. मी तो मंजूर केला, आणि आजही तपासायला बसले तर मंजूरच करावा लागेल. त्यात खोट काढायला जागा नाही. माझं दुखणं नेमकं तेच आहे.

पुढच्या थंडीत गेले तेव्हा गाव नव्यासारखं दिसत होतं. प्रत्येक बागेला हिरवं फाटक, त्यावर सुभेदारांच्या हातची पाटी. शालन आता बाग स्वतः करत होती. औषधांची नावं तोंडपाठ, औषधांच्या दुकानदारालाही उलट प्रश्न विचारायची. मी तिच्याबरोबर ओळींतनं हिंडत होते. तेवढ्यात तारेपलीकडनं हाक आली.

"वहिनी, हिकडच्या दुसऱ्या वळीत खालचं पान उलटं करून बगा. मला पांढरं दिसतंय."

दत्तू. त्याच्याच रानात, तारेच्या पलीकडं उभा. जो बांध झिजून गेला होता त्यावर आता खांब आणि तार आली होती. शालननं जाऊन पान बघितलं. खरंच भुरी होती. मी म्हटलं, "दत्तूभाऊ, या की आत, दाखवा कुठं कुठं आहे ते."

"नगं मॅडम," तो म्हणाला. "हितनं समदं दिसतंय."

शालननं मला नंतर सांगितलं, की एकदा गरज पडली तेव्हा ती स्वतः संमतीचा कागद आणि पेन घेऊन तारेपाशी गेली होती. मालक तीच, सही तिचीच, त्यानं खाली फक्त नाव लिहायचं. त्यानं कागद हातात घेतला, दोन्ही बाजूंनी बघितला आणि परत दिला. म्हणाला, "वहिनी, माजा बा हितं कागदाबिगर येत हुता. मला न्हाई जमायचं." रागानं नाही म्हणाला, ती म्हणाली. ओशाळून म्हणाला. मग तो तारेपलीकडनंच सांगत राहिला. पाणी किती सोडायचं, डहाळी कुठली काढायची, धुकं कधी पडेल. सकाळी ओरडून सांगायचा, ती ओरडून 'व्हय भावजी' म्हणायची.

त्या दिवशी निघताना ती फाटकाला कुलूप लावत होती, तिच्याकडं मी बघत राहिले. तिनं ते लावलं, ओढून बघितलं, आणि मला म्हणाली, "पक्कं हाय मॅडम." तपासणीत पास झाली ती. सगळेच झाले.

त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. गेले, सुभेदारांच्या ओट्यावर बसले, चहा झाला. ते आता थकले होते, उठताना खांबाला धरायचे. धोक्यांचा तक्ता दरवर्षी नव्यानं बघायचा असतो. वाढलेला धोका लिहायचा, संपलेला काढायचा. एकेक ओळ वाचत ते खाली आले आणि थांबले.

"मॅडम, ही वळ काढायची का?"

"कुठली?"

"शेजाऱ्याची. दत्तू गेला न्हवं. बेदाण्याच्या टायमाला."

मी विचारलं, कसा. ते म्हणाले, ताप आला, अंगावर काढला, दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. मग त्यांनी पेन हातात घेऊन परत विचारलं, आवाज खाली आणून विचारलं, "रूलप्रमाणं काय करायचं असतंय? धोका संपला म्हणून काट मारायची का?"

"राहू द्या ती ओळ," मी म्हटलं. आवाज माझा वर गेला असणार, कारण आतनं त्यांची मंडळी दारात आली. सुभेदारांनी पेन खिशाला लावलं आणि रुमालानं डोळे पुसले. गावात बाकी कुणी त्यांना रडताना बघितलं नसेल.

मग मी शालनच्या बागेत गेले. बाग दृष्ट लागावी अशी होती. औषधांची खोली झाडलेली, साबण ओला, मजुरांसाठी माठ भरलेला. मी कामाचं सगळं बघितलं आणि नेहमीसारखी बांधाकडं गेले. तारेपलीकडं दत्तूची बाग तणात बुडाली होती. बागेच्या कडेला त्याचं बेदाण्याचं शेड. पत्र्याचं छप्पर, चारी बाजू उघड्या, पडदे गुंडाळून वर बांधलेले, ते तसेच फाटून लोंबत होते. शेडला ना दार ना कुलूप.

"यंदा बेदाणा नाही का करणार त्यांच्या घरी?" मी विचारलं.

"गेल्या साली काळा पडला समदा," शालन म्हणाली. आणि मग तिनं सांगितलं. उभ्याउभ्या, तारेला धरून.

दत्तू गेला तेव्हा त्याचा सगळा माल शेडमध्ये फळ्यांवर होता. अर्धा वाळलेला. बेदाण्याला पावसाचं पाणी लागलं की संपलं, म्हणून आभाळ आलं की पहिल्यांदा शेडचे पडदे सोडायचे आणि खाली बांधायचे. पोरासोरांना येणारं काम. तिसऱ्या दिवशी गडीमाणसं रक्षा घेऊन नदीला गेली. त्याचा मुलगा पलटणीतनं आलेला, तोही गेला. दत्तूच्या भावकीला सुतक. दुपारी आभाळ भरून आलं. वळीव.

"मी माज्या बागेत हुते," शालन म्हणाली. "समोर दिसतंय मला, पडदं वर हायत. धा पावलं बी न्हाईत मॅडम. मला सुतक न्हाई, आमची भावकी न्हवं त्ये. त्येंनी माज्या सुतकात केलं तसं मी त्येंच्या सुतकात करायचं, एवढंच."

"मग?"

"मग मी गावात पळत गेले. सही आनायला."

मला पहिल्यांदा कळलंच नाही ती काय म्हणते ते.

"संमतीचा कागद घेतला खोलीतला आन् पळत गेले. घरात बाया बसलेल्या, रडनं चाललेलं. भावजींची बायकू कमळाक्का मधी. मी जाऊन तिच्या म्होरं बसले. म्हटलं, आक्का, सही कर. ती म्हनली, कशाला? म्हटलं, तुमच्या शेडात जायाला. ती माज्या तोंडाकडं बगतच बसली. समद्या बाया बगाय लागल्या. मेल्याच्या घरात मी कागद घिऊन गेले हुते ओ मॅडम. तरी आक्कानं पेन घेतलं हातात. क काढला. फुडं तिला जमंना. आन् पत्र्यावर पाऊस वाजाय लागला."

तिनं समोरच्या उघड्या शेडकडं हात केला. मी तार धरून उभी.

"मी पळतच परत आले. पन झालं हुतं. मी तारंच्या हिकडं हुबी ऱ्हायले आन् बगत ऱ्हायले. आत गेले न्हाई. सही पुरी न्हवती."

मग ती औषधांच्या खोलीत गेली आणि फाइल घेऊन आली. सुभेदारांनी शिकवलं होतं, कागद वाया गेला तरी फेकायचा नाही, तपासणीला दाखवायचा. तिनं तो कागद माझ्यापुढं धरला. वर शालनचं सरळ अक्षर, कामाचं कारण, 'पडदे सोडणे'. खाली मालकाच्या सहीच्या जागी एकच क, मोठा, वाकडा, त्याची शेपटी कागदाच्या कडेपर्यंत गेलेली.

त्या कागदाची गरज नव्हती. दत्तू गटात नव्हता. त्याच्या रानाला ना आमचा नियम लागू, ना फाटक, ना सही. कुणीही केव्हाही त्याच्या शेडात जावं, जगातला कुठलाही निरीक्षक त्यावर अक्षर बोलू शकला नसता. हिनं नुसती तार वाकवून पाय टाकला असता तर दत्तूचं शेवटचं पीक वाचलं असतं. हे सगळं माझ्या जिभेच्या टोकावर आलं. आणि मी तिच्याकडं बघितलं. डोळे भरलेले, पण कागद नीट दोन्ही हातांनी धरलेला, शाळेतल्या मुलीनं पाटी दाखवावी तसा. आता सांगून तिला काय मिळालं असतं? उरलेल्या आयुष्यभर ती रोज सकाळी त्या उघड्या शेडकडं बघत हे आठवत राहिली असती. मी तोंड मिटलं.

"सही पुरी न्हाई मॅडम," ती म्हणाली. "पन मी आत बी गेले न्हाई. मग बरोबर हाय न्हवं?"

"बरोबर आहे," मी म्हटलं.

तिनं पदरानं डोळे पुसले, कागद परत फाइलला लावला, आणि आम्ही फाटकाबाहेर आलो. तिनं कुलूप लावून ओढून बघितलं. त्या वर्षी त्या गटात एकही दोष निघाला नाही.